धग, झळ आणि चटका: जुन्या स्पोर्ट्स कारमध्ये पाय का भाजतात

बर्मिंगहॅममध्ये पारा 26 अंशांवर गेला की लोक उन्हाळ्याच्या नावानं उसासे टाकायला लागतात. कोल्हापुरात वाढलेल्या मला त्याचं हसू यायचं. मग एका जुलैत शेजारच्या आजोबांनी त्यांच्या ऑस्टिन-हीली 3000 मधून फिरायला नेलं. छप्पर उघडं, वारा गार, दोन्ही बाजूंना हिरवी कुरणं. अर्ध्या तासात माझी अवस्था अशी झाली होती: गुडघ्याच्या वर महाबळेश्वर, गुडघ्याच्या खाली चंद्रपूर. उतरल्यावर आधी बूट काढले, मग आभार मानले.

आजोबांनी तोवर तीन वेळा गालिचा बदलला होता. प्रत्येक वेळी खाली आणखी जाड अस्तर. फरक म्हणाल तर गाडी सुरू केल्यावर पाय तापायला पाच मिनिटं जास्त लागायची, इतकाच. त्या सुमारास बाबा इथे राहायला आले होते. शिरोली एमआयडीसीत त्यांनी आयुष्यभर लेथ चालवलं. त्यांनी गाडीखाली वाकून पाहिलं, उठले आणि मला म्हणाले, “वरनं गोधड्या घालून काय हुतंय गं? खालचा जाळ कमी कर की आधी.”

या विषयावर मी नंतर बरंच वाचलं, गाडीवर हातही काळे केले. पण बाबांच्या त्या वाक्याच्या पलीकडे तत्त्व म्हणून फारसं काही नाही. बाकी सगळा तपशील. तो मात्र मजेशीर आहे.

ही गाडी इतकी का तापते

ऑस्टिन-हीली पहिल्यांदा दिसली 1952 साली, लंडनच्या अर्ल्स कोर्ट मोटर शोमध्ये. डोनाल्ड हीली यांनी ती वॉरिकमधल्या आपल्या छोट्या कारखान्यात उभी केली होती. ऑस्टिन या मोटार कंपनीचे प्रमुख लेनर्ड लॉर्ड यांना ती आवडली आणि उत्पादन ऑस्टिननं करायचं ठरलं. तेव्हा तिच्यात चार सिलिंडरचं 2660 सीसीचं इंजिन होतं, ताकद 90 हॉर्सपॉवर. 1956 मध्ये त्याच बांध्यात सहा सिलिंडरचं लांबलचक इंजिन आलं. व्हीलबेस, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर, 90 इंचांवरून 92 इंच झाला. 1959 मध्ये इंजिन 2912 सीसीचं झालं आणि नाव पडलं 3000. शेवटच्या मार्क थ्री आवृत्तीपर्यंत ताकद 148 हॉर्सपॉवरवर पोचली होती. म्हणजे घर तेच, खोल्या त्याच, आणि स्वयंपाकघरात लग्नाची चूल पेटवली.

इंजिन लांब, म्हणून त्याचं मागचं टोक जवळजवळ तुमच्या पायांपाशी. गिअरबॉक्स दोन सीटच्या मधल्या उंचवट्यात, ज्याला टनेल म्हणतात. हवेत पेट्रोल मिसळणारा कार्ब्युरेटर आणि धूर बाहेर नेणारा एक्झॉस्ट दोन्ही इंजिनच्या एकाच बाजूला. एक्झॉस्टचे पाइप खाली उतरून फ्लोअरखालून मागे जातात. आणि गाडी जमिनीला इतकी लगटून चालते की गतिरोधक दिसला की आजोबा श्वास रोखतात. पाइप खाली सरकवायला जागा नाही, फ्लोअर वर उचलायला जागा नाही.

यातल्या बहुतांश गाड्या अमेरिकेत गेल्या. इंग्लंडच्या हवेत आखलेली गाडी कॅलिफोर्निया आणि ॲरिझोनाच्या उन्हात धावली. हीलीवाल्यांत भाजलेल्या पायांच्या गोष्टी दंतकथांसारख्या सांगितल्या जातात, त्या उगाच नाहीत.

जाळ किती आहे ते आधी बघू

आकडा काढणं सोपं आहे. ताशी 100 किलोमीटर वेगानं ही गाडी तासाला 12 लिटर पेट्रोल पिते असं धरू. एक लिटर पेट्रोलमध्ये साधारण 32 मेगाज्यूल ऊर्जा असते. गुणाकार-भागाकार केला की उत्तर येतं 100 किलोवॅटच्या आसपास. जुन्या पेट्रोल इंजिनात यातला जेमतेम पाव हिस्सा चाकांकडे जातो. ढोबळ मानानं तिसरा हिस्सा एक्झॉस्टमधून बाहेर पडतो. म्हणजे 30 किलोवॅट. घरातला गिझर 2 किलोवॅटचा असतो. पंधरा गिझर एकदम लावले तर जेवढी उष्णता होईल तेवढी तुमच्या बुटांजवळून सतत वाहत असते.

त्यातली बहुतेक मागच्या पाइपमधून निघून जाते. आपल्याला त्रास देते ती वाटेत गळणारी. ती गळते तीन प्रकारे. भौतिकशास्त्राच्या पुस्तकात त्यांना प्रारण, अभिसरण आणि वहन म्हणतात. आपल्या रोजच्या बोलण्यात मात्र तिघांना आधीपासून वेगवेगळे शब्द आहेत. चुलीसमोर बसल्यावर न शिवता तोंडाला लागते ती धग. दुपारी दार उघडल्यावर अंगावर येते ती झळ. तव्याला बोट लागल्यावर बसतो तो चटका. जुन्या गाडीत तिन्ही असतात, आणि तिघांवरचे उपाय निराळे. चटक्यावरचा उपाय झळेवर केला की आजोबांसारखे तीन गालिचे वाया जातात.

जाळाकडे आधी

बाबांनी पहिला प्रश्न विचारला होता, “टायमिंग बघितलंय का?” गाडी तापते म्हटल्यावर बाजारातलं चमकदार अस्तर मागवण्याआधी हा प्रश्न विचारणारे फार थोडे भेटतात.

पिस्टन वर पोचायच्या थोडं आधी ठिणगी पडायला हवी. म्हणजे मिश्रण जळून दाब तयार होतो तेव्हा पिस्टन नेमका खाली निघालेला असतो आणि त्या दाबाचं काम होतं. ठिणगी उशिरा पडली तर ज्वलनही उशिरा संपतं. पिस्टनला ढकलण्यात खर्ची पडायची उष्णता तशीच एक्झॉस्ट वाल्व्हमधून बाहेर सांडते. गाडी थोडी आळशी वाटते आणि मॅनिफोल्ड, म्हणजे सिलिंडरांमधला धूर गोळा करणारा इंजिनालगतचा फाटेदार पाइप, मात्र नको इतका लाल होतो.

या काळच्या गाड्यांत ठिणगीची वेळ डिस्ट्रिब्यूटर सांभाळतो. त्याच्या आत वेगानुसार फाकणारी दोन वजनं असतात आणि बाहेर बशीच्या आकाराची एक डबी. डबीत पातळ पडदा असतो. गाडी हलक्या पायानं, एकसारख्या वेगात चालली असताना इंजिनातल्या पोकळीच्या ओढीनं तो पडदा ठिणगी आणखी लवकर पाडतो. साठ वर्षांत पडदा फाटतो, वजनं गंजून चिकटतात. गाडी तरी चालते, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. पण नेमक्या लांबच्या, निवांत प्रवासात एक्झॉस्ट जास्त तापतो. तपासायला यंत्र लागत नाही. डबीची नळी काढून तोंडानं ओढा. आतली प्लेट हलली तर पडदा शाबूत, नुसती हवाच आली तर गेला.

मिश्रणात पेट्रोल कमी पडत असेल तरी असंच होतं. ते सावकाश जळतं आणि जळतजळतच बाहेर पडतं. एसयू कार्ब्युरेटरच्या आडव्या दांड्या झिजल्या की तिथून आगंतुक हवा आत शिरते आणि मिश्रण पातळ होतं. दांडी बोटानं हलवून बघायची. खडखडली तर दुरुस्तीला द्यायची.

आणि मग पॅकिंग. मॅनिफोल्ड आणि इंजिन यांच्यामधलं, मॅनिफोल्ड आणि खालच्या पाइपमधलं. मॅनिफोल्डमधून निघणारा धूर जोरात गाडी चालवताना 700-800 अंशांचा असतो. पॅकिंग फाटलेलं असेल तर त्याची बारीक पिचकारी थेट फायरवॉलवर, म्हणजे इंजिनमागच्या पत्र्यावर, बसते. सांध्याभोवती काजळीचा काळा फराटा दिसतो. इंजिन गार असताना सुरू करून जाड हातमोज्यातल्या चिंधीनं मागचा पाइप क्षणभर दाबला तर गळतीची फुसफुस ऐकू येते.

इथं मी विनोद बाजूला ठेवते. एक्झॉस्टच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला वास नाही, रंग नाही. डोकं जड होणं, मळमळ, झापड, एवढंच कळतं, आणि माणूस त्याला प्रवासाचा शीण समजतो. पायाशी गरम हवेबरोबर धुराचा वास येत असेल तर तो उष्णतेचा प्रश्न राहिलेला नाही. गळती बंद होईपर्यंत ती गाडी चालवू नका.

आजोबांच्या गाडीत डबीचा पडदा फाटलेला निघाला. पॅकिंग धड होतं.

झळ: भोकं शोधायचा खेळ

यानंतरचं काम सगळ्यात स्वस्त आणि माझ्या मते सगळ्यात फायद्याचं. लोक ते सर्वात शेवटी करतात, कारण त्यात विकत घेऊन मिरवण्यासारखं काही नाही.

धावत्या गाडीत ग्रिलमधून हवा जोरात आत घुसते, रेडिएटरमधून गरम होऊन निघते, मॅनिफोल्डवरून जाताना आणखी तापते आणि फायरवॉलवर आपटते. तिथून सुटायला तिला एकच मोठी वाट, खाली टनेलच्या बाजूनं, एक्झॉस्टच्याच सोबतीनं. म्हणजे बॉनेटखाली हवेचा दाब जास्त. दुसऱ्या बाजूला, उघड्या गाडीत काचेवरून सुसाट जाणारा वारा बसायच्या जागेतली हवा ओढून घेतो, तिथं दाब कमी. एका खोलीत दाब जास्त, शेजारच्या खोलीत कमी, आणि मधल्या भिंतीला भोकं. पुढचं सांगायला नको. छप्पर उघडं असूनही पाय भाजतात ते यामुळे. किंबहुना छप्पर उघडं असल्यामुळे झळ जास्त जोरानं आत खेचली जाते.

भोकं कुठं असतात? स्टिअरिंगचा दांडा जिथून आत येतो तिथं. पेडलांच्या दांड्यांपाशी. वायरींचा जुडगा, चोकची केबल, स्पीडोमीटरची केबल, हीटरचे दोन पाइप. पूर्वी कुणीतरी रेडिओ बसवताना पाडलेलं आणि रेडिओ काढल्यावर तसंच राहिलेलं भोक. हीलीत गिअरबॉक्स बाहेर काढायचा तर तो आतून काढावा लागतो, म्हणून टनेलचं आवरण सुटं होतं. दर वेळी काढून लावताना त्याच्या कडेची पट्टी दबते, फाटते, पुढच्या वेळी लावायची राहून जाते. आजोबांच्या गाडीत त्या कडेनं माझं करंगळीचं टोक आत जात होतं, आणि त्या फटीची लांबी जवळजवळ मीटरभर.

शोधायची युक्ती: रात्री गॅरेजचे दिवे घालवा, बॉनेटखाली आणि गाडीखाली जोरदार टॉर्च ठेवा, आणि आत, गालिचा काढून, सीटवर गुपचूप बसा. दिवाळीतल्या आकाशकंदिलात बसल्यासारखं वाटतं. जिथून उजेड येतो तिथून झळ येते. उदबत्तीचा धूर फिरवून फट शोधायचा मोह होईल, पण पेट्रोलच्या जुन्या गाडीत पेटती उदबत्ती नको. त्यापेक्षा टिश्यू पेपरची बारीक पट्टी काडीला बांधा आणि गाडी चालू असताना शेजारी बसणाऱ्याला ती टनेलच्या कडेनं फिरवायला सांगा. पट्टी फडफडली की तिथं खडूनं खूण.

भोकं बुजवायला नवे रबरी ग्रोमेट, म्हणजे वायर-केबलभोवती बसणाऱ्या चकत्या, पेडलांना चामड्याची किंवा रबराची झालर, टनेलच्या कडेला बंद छिद्रांच्या फोमची पट्टी. फायरवॉलच्या इंजिनाकडच्या बाजूला जास्त तापमान सहन करणारा सिलिकॉनच हवा. बाथरूममधला चालत नाही. इमारतीत खिडक्यांभोवती मारतात तो फुगणारा फोम तर अजिबात नको, तो पेट घेतो.

झळेला बाहेरची वाटही द्यावी लागते. हीलीच्या 100 एम या प्रकारात बॉनेटला कापलेल्या खाचा होत्या आणि वरून चामडी पट्टा. दिसायला देखणा, पण खाचा हवेसाठी होत्या. कंपनीच्या रॅली गाड्यांत पुढच्या मडगार्डांना झरोके पाडले होते आणि एक्झॉस्टचं तोंड बाजूला काढलं होतं. पॅट मॉस आणि ॲन विज्डम या दोघींनी 1960 ची लिएज-रोम-लिएज रॅली हीलीतूनच जिंकली, ती लिएजहून निघून परत लिएजला येणारी अखंड दौड होती. त्या चार दिवसांत पायांचं काय झालं असेल याचा विचार मी आता वेगळ्या आदरानं करते.

एक लोकप्रिय उपाय मात्र फसवा आहे. बॉनेटची मागची कड वायसर घालून अर्धा इंच वर उचलायची म्हणजे गरम हवा तिथून निघून जाईल, असं सांगतात. सिग्नलला उभ्या गाडीत ते खरं आहे. पण वेगात असताना पुढच्या काचेच्या पायथ्याशी वारा आदळून तिथं दाब वाढलेला असतो. म्हणून हवा तिथून बाहेर पडण्याऐवजी आत शिरते, आणि बॉनेटखालचा दाब आणखी वाढतो.

धग: मधल्या पोकळीची किमया

आता फ्लोअरखालचा पाइप. तो पत्र्याला चिकटलेला नसतो, तरी पत्रा तापतो, कारण धगेला मधे काहीही लागत नाही. सूर्याची धग निर्वात पोकळीतून येतेच की.

धगेचा एक स्वभाव आधी ओळखायला हवा. ती तापमानाच्या चौथ्या घातानं वाढते, आणि तापमान केल्विनमध्ये मोजायचं, म्हणजे सेल्सिअसमध्ये 273 मिळवून. पाच सेंटिमीटर जाडीचा, मीटरभर लांबीचा, गंजट पाइप 400 अंशांवर असेल तर तो चहूबाजूंना जवळपास दीड किलोवॅट धग फेकतो. तोच पाइप 300 अंशांवर आला तर सुमारे पाऊण किलोवॅट. तापमान 100 अंशांनी उतरलं, धग निम्मी झाली. टायमिंग नीट केल्याचा फायदा पायाला इतका का जाणवतो याचं उत्तर यात आहे.

उरलेल्या धगेसाठी आडपडदा. बाबांच्या शेडचं छप्पर पत्र्याचं होतं. एप्रिलमध्ये पत्र्याखाली उभं राहवत नसे. त्यांनी पत्र्याला काही चिकटवलं नाही, फूटभर खाली दुसरं हलकं छत टांगलं आणि मधल्या पोकळीची दोन्ही टोकं उघडी ठेवली. पत्रा तसाच तापत राहिला, पण ती उष्णता खालच्या छतापर्यंत येता येता वाऱ्यानं निघून जायची. गाडीत हेच उलटं करायचं: पाइप खाली, मधे एक चकचकीत ॲल्युमिनिअमचा पत्रा, त्याच्या वर मोकळी जागा, मग फ्लोअर.

चकचकीत कशासाठी? चकाकणारा धातू आलेल्या धगेतली बहुतेक परत फेकतो आणि स्वतः तापला तरी फार कमी धग सोडतो. कागदावर गणित केलं तर दोन गंजट पत्र्यांच्या मधे असा एकच पत्रा टांगल्यानं धग 90 टक्क्यांहून जास्त कमी होते. प्रत्यक्षात इतकी नाही, कारण मधली हवाही थोडी उष्णता नेते, आणि खालची चकाकी दोन पावसाळ्यांत चिखलानं जाते. इथं एक गंमत आहे जी मला स्वतःला गणित करेपर्यंत पटली नव्हती. खालची बाजू मळली तरी फ्लोअरकडची वरची बाजू चकचकीत राहिली तर पत्रा बरंच काम करत राहतो. कारण चकाकी धग घेताना जशी कंजूष, तशीच देतानाही.

पण ही सगळी किमया पोकळीची आहे. तोच चंदेरी पत्रा फ्लोअरला चिकटवला आणि वर गालिचा अंथरला तर चकाकीला काही कामच उरत नाही. दोन्ही बाजूंनी दाबलेला चंदेरी कागद हा उष्णतेच्या लेखी निव्वळ धातू, आणि ॲल्युमिनिअम उष्णता पोलादापेक्षा जोमानं वाहून नेतं. बाजारात चंदेरी अस्तराचे गुंडाळे विकणारे हे सांगत नाहीत.

पत्र्यावर पोकळी एक ते दोन सेंटिमीटर पुरते. हीलीत त्याहून जास्त मिळणारही नाही. पत्रा लांब नटांवर किंवा नळीच्या तुकड्यांवर टांगायचा, आणि असे आधार मोजकेच ठेवायचे, कारण प्रत्येक बोल्ट हा चटक्यासाठी पूल असतो. पुढची आणि मागची कड उघडी, म्हणजे वारा खेळतो. ॲल्युमिनिअम 660 अंशांना वितळतं, म्हणून मॅनिफोल्डच्या अगदी जवळ स्टेनलेस स्टील. ब्रेकचा आणि पेट्रोलचा पाइप पत्र्याच्या आड कोंडायचा नाही, आणि पत्रा हातानं सुटला पाहिजे, नाहीतर पुढच्या तपासणीत मेकॅनिक तो काढून कोपऱ्यात टाकेल आणि परत लावणार नाही. अनुभव आहे.

पाइपलाच पट्टी गुंडाळण्याविषयी मला नेहमी विचारतात. काचतंतूची किंवा बेसाल्टच्या धाग्याची पट्टी, जखमेला बँडेज बांधावं तशी. धग कमी होते, खोटं नाही. पण पट्टी पावसाचं पाणी धरून ठेवते आणि साध्या पोलादाचा पाइप आतल्या आत कुजतो. बिडाच्या मॅनिफोल्डला गुंडाळली तर बीड नको इतकं तापून तडकू शकतं. आणि जुनी इंजिनं तेल गाळतातच. तेल प्यालेली पट्टी म्हणजे वात. गुंडाळायचीच तर फक्त स्टेनलेसच्या खाली उतरणाऱ्या पाइपला, जिथं तेल ठिबकत नाही अशा जागी. सिरॅमिकचा लेप महाग पडतो, पण मला तो जास्त पटतो. त्याच काळातल्या जॅग्वारच्या मॅनिफोल्डवर चिनी मातीच्या बशीसारखा काळा मुलामा असायचा, तेव्हा कल्पना काही आजची नाही.

पट्टी काय, लेप काय, उष्णता नाहीशी करत नाहीत. ती धुरातच ठेवून मागे पाठवतात. पुढचा पाइप गार झाला की मागचा सायलेन्सर आधीपेक्षा जास्त तापतो. म्हणून तिथं वर काय आहे, पेट्रोलची टाकी किती लांब आहे, हे आधी पाहायचं.

गोधडी, आता

इथवर आल्यावर गालिच्याखालच्या अस्तराची पाळी. जो चटका फ्लोअरपर्यंत पोचलाच, तो बुटापर्यंत येऊ द्यायचा नाही, एवढंच त्याचं काम. दोन गोष्टी लक्षात ठेवल्या तरी पुरे. काळी चिकट चादर मिळते ती पत्र्याची थरथर आणि आवाज कमी करण्यासाठी असते, उष्णतेसाठी नव्हे, आणि त्यातली डांबराची स्वस्त जात तापली की वास मारते, पाझरते. दुसरं, उघड्या गाडीत पाणी येणारच. तागाचं किंवा लोकरीचं अस्तर ते पिऊन बसतं आणि फ्लोअर खालून दिसण्याआधी वरून गंजतो. बंद छिद्रांचा फोम पाणी पीत नाही.

जुनं अस्तर उपसण्याआधी मात्र थांबा. त्या काळी उष्णता अडवायची म्हटलं की ॲस्बेस्टॉस वापरायचे. कार्ब्युरेटर आणि मॅनिफोल्डमधल्या पत्र्यावर, फायरवॉलवर, कधी गालिच्याखाली. ब्रिटननं त्यावर पूर्ण बंदी 1999 मध्ये घातली, आणि गाडी त्याच्या कितीतरी आधीची. करडी, तंतुमय, पुठ्ठ्यासारखी चकती दिसली तर ती खरवडू नका, झाडू नका. तुकडा तपासून घेऊन मगच हात लावा.

मोजमापासाठी हल्ली सगळ्यांकडे बंदुकीसारखा इन्फ्रारेड थर्मामीटर असतो. चकचकीत पत्र्यावर तो धादांत खोटं बोलतो, कारण त्याला पत्र्याची धग न दिसता त्यात पडलेलं आसपासचं प्रतिबिंब दिसतं. नवा पत्रा बसवून त्यावर बंदूक रोखली आणि आकडा एकदम उतरलेला दिसला की लोक पेढे वाटतात. पत्र्यावर मास्किंग टेपचा तुकडा चिकटवून त्यावर मोजा. त्याहून उत्तम म्हणजे आतल्या फ्लोअरवर, ठरलेल्या तीन जागी खडूची फुली मारून, दर वेळी त्याच रस्त्यावर वीस मिनिटं गाडी चालवून मोजा. आणि इंजिन बंद केल्यावर दहा मिनिटांनी पुन्हा एकदा. वारा थांबल्यावर मॅनिफोल्डमध्ये साठलेली उष्णता वर पसरते, तेव्हा फायरवॉल चालत्या गाडीपेक्षा जास्त तापलेला सापडतो.

आजोबांच्या गाडीत आम्ही क्रमानं गेलो. डबी नवी, टनेलची पट्टी नवी, अकरा भोकं बंद, सीटखाली टांगलेला पत्रा, आणि शेवटी त्यांचाच तिसरा गालिचा परत. आणखी एक गोष्ट केली जी खरं तर पहिल्याच दिवशी करायला हवी होती. हीटरला जाणाऱ्या गरम पाण्याचा कॉक इंजिनवर असतो. त्या काळी अशा गाड्यांत हीटर वेगळे पैसे देऊन घ्यावा लागे, आणि आजोबांच्या गाडीत तो होता. कॉक उन्हाळाभर उघडाच होता. म्हणजे एक्झॉस्टला शिव्या देत असताना पायाशी 80 अंशांच्या पाण्याचा रेडिएटरही सुरू होता. तो बंद केला.

डिसेंबरात बाबांचा कोल्हापूरहून फोन चालू असतानाच आजोबांनी दार वाजवलं. गाडीत पाय गारठतात म्हणाले, पूर्वी असं होत नव्हतं. मी पाना घेऊन गेले. कॉक गंजून घट्ट बसला होता, आणि दोघांनी मिळूनही तो उघडला नाही.